सॅक कंबरेवर, पाऊस बाहेर

सह्याद्रीत जुलैच्या ट्रेकला निघणाऱ्याला आज भिजायचं आहे हे घरातूनच ठाऊक असतं. धाराशिवकडची गोष्ट वेगळी. हा पर्जन्यछायेतला जिल्हा. जून-जुलैत आभाळ भरून येतं आणि बरेचदा तसंच पुढं निघून जातं. इथला भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनातला. सकाळी चटका लावणारं ऊन, दुपारी ढग, आणि तासाभरात ओढ्याला पाणी. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागानं या पावसाचं भयंकर रूपही पाहिलं.

आणि नेमकी याच दिवसांत इथली पायपीट रंगात येते. येडशीजवळचं रामलिंग अभयारण्य हिरवं झालेलं असतं. बोरी नदी भरली की नळदुर्गच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. दसऱ्यानंतर तुळजाभवानी श्रमनिद्रेत जाते आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता रात्रीसुद्धा चालत्या माणसांनी भरून जातो. वारीत दिंडीचा ट्रक निदान बोचकी तरी वाहतो. इथं बहुतेकांचं सामान ज्याच्या त्याच्या पाठीवर, आणि बहुतेकांच्या पाठीवर कॉलेजची नाहीतर लॅपटॉपची सॅक.

ती सॅक वाईट नसते, पण वर्गापर्यंत जाण्यासाठी केलेली असते. तिचं सगळं ओझं दोन पट्ट्यांतून खांद्यावर येतं. खांद्याचे स्नायू ओझं पेलून तासन्‌तास चालण्यासाठी नाहीत. मान आखडते, पट्टा रुततो, माणूस पुढं वाकून चालायला लागतो. कंबरेचं हाड मात्र हे काम मुकाट्यानं करतं. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीला कंबरपट्टा जोडून सॅक विकायला सुरुवात केली, ती हेच ओळखून. नीट बसलेल्या सॅकमध्ये बरंचसं ओझं कंबरेवर असतं; खांद्यांनी ती फक्त पाठीशी धरून ठेवायची.

म्हणून दुकानात आधी लिटर विचारू नका, आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी मणक्याचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरायचा. ही तुमच्या पाठीची लांबी, आणि ती नुसत्या उंचीवरून ठरत नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते. मग सॅकमध्ये पाच-सहा किलो वजन भरायला सांगा. रिकामी सॅक लावून आरशात बघण्यात काही अर्थ नाही, त्यात सगळ्याच छान दिसतात. सगळे पट्टे सैल करायचे, कंबरपट्टा हाडावर बसवून आधी तोच आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीवरचा. दुकानात दहा मिनिटं फिरा. काही टोचत असेल तर ती सॅक तिथंच ठेवा, कारण वापरून ती सुधारत नाही.

आकाराचं म्हणाल तर एका दिवसाला २० ते ३० लिटर पुरतात, मुक्काम असेल तर ४० च्या आसपास. मोठी घेतली की माणूस ती भरतोच. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, साधारण मधोमध. पाण्याची बाटली बाजूला, हाताशी. रामलिंगला जाणार असाल तर खाऊ बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका, तिथली माकडं चेन उघडायला तुमची वाट बघत नाहीत.

आता पावसाचं. ‘वॉटरप्रूफ’ या लेबलवर मी तरी विश्वास ठेवत नाही. कापडाच्या आतल्या बाजूला लेप असतो, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याला सुईचं भोक असतं आणि चेनमधून पाणी झिरपतंच. काही वर्षांनी तो लेप चिकट होऊन सुटायलाही लागतो. रेनकव्हर बरं, पण ते सॅकची पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी आणि घाम तिथूनच आत जातो. तिरक्या पावसात कव्हरच्या तळाशी पाणी साठतं; तळाला छिद्र नसेल तर सॅक त्यातच बसून राहते. वारा असेल तर कव्हर उडतं, ते वेगळंच. नळदुर्गला तर पाऊस नसतानाही धबधब्याचे तुषार भिजवतात.

तेव्हा सॅक कोरडी ठेवायच्या नादी न लागता आतलं सामान कोरडं ठेवावं. सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडून बांधायचं. मोबाइल, औषधं, पैसे वेगळ्या झिप पिशवीत. ओला रेनकोट या पिशवीच्या बाहेर, सगळ्यात वर. पोत्याची खोळ करून डोक्यावरून पाठीवर घेणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला प्लास्टिकचा हा उपयोग शिकवायची गरज नाही. फक्त खताच्या गोणीतलं प्लास्टिक सामानासाठी वापरू नका. कितीही धुतलं तरी खत राहतं, आणि त्याच पिशवीत तुमची भाकरी असते.

घरी आल्यावर सॅक रिकामी करून, सगळे कप्पे उघडून सावलीत उलटी टांगावी. कडक उन्हानं कापड आणि लेप दोन्ही खराब होतात. वॉशिंग मशीन तर नकोच, साबणाचा हलका हात पुरे. चेनच्या दातांत बसलेली काळी माती वाळू द्यायची आणि जुन्या टूथब्रशनं झाडायची. ओली असताना घासली तर ती आणखी आत जाते, आणि ऐन पावसात चेन अर्ध्यावर अडकते.