जॅक (ध्वनिजोडणी प्रणाली)

जॅक ही संगणकावरील एका संगीत-आज्ञावलीतील ध्वनी दुसरीत पोहोचवणारी मुक्तस्रोत प्रणाली आहे. पॉल डेव्हिस यांनी आर्डर या ध्वनिमुद्रण-आज्ञावलीच्या कामातून ती लिनक्ससाठी विकसित केली.

एरवी प्रत्येक आज्ञावली आपला आवाज थेट स्पीकरकडे पाठवते. त्यामुळे संगणकावर तानपुरा वाजत असला तरी शेजारच्या ध्वनिमुद्रण-आज्ञावलीला तो मिळत नाही. स्पीकरसमोर मायक्रोफोन धरण्याचा घरगुती उपाय केल्यास पंख्याची घरघरही मुद्रित होते. जॅकमध्ये प्रत्येक आज्ञावलीला ध्वनी आत घेणारी व बाहेर सोडणारी द्वारे असतात आणि ती हवी तशी परस्परांना जोडता येतात.

ध्वनी ठरावीक लांबीच्या तुकड्यांनी पुढे सरकतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि तुकडा २५६ नमुन्यांचा असल्यास एका तुकड्याचा काळ सुमारे ५.३ मिलिसेकंद होतो. तेवढ्यात जोडलेल्या सर्व आज्ञावलींचे काम संपावे लागते. एखादी मागे राहिली, की आवाजात खट्कन खंड पडतो. तुकडा १,०२४ नमुन्यांचा केल्यास हा धोका कमी होतो; मात्र तुकड्याचा काळ २१ मिलिसेकंदांवर जाऊन कळ दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो व वादकाची लय बिघडते. म्हणून वादन मुद्रित करताना तुकडा लहान आणि नंतरच्या ध्वनिमिश्रणात मोठा ठेवणे इष्ट.

फेडोरा ३४ (२०२१) या लिनक्स आवृत्तीपासून पाइपवायर ही नवी प्रणाली प्रचारात आली. जॅकसाठी लिहिलेल्या आज्ञावली तिच्यावरही चालतात.