डिझेल काठोकाठ, तरी ट्रॅक्टर बंद का?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर, विशेषतः भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या आसपास, उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. तीत नवे ट्रॅक्टर असतात, तसे वीस-पंचवीस वर्षांचे जुनेही असतात. रंग उडालेला, पत्रा पिचलेला, पण इंजिन अजून दणकट. अशा जुन्या गाडीचे एक दुखणे या भागात पुष्कळांच्या परिचयाचे आहे. गाडी फडातून व्यवस्थित निघते. थोडे अंतर गेले की दम तुटू लागतो, ती उचल घेत नाही, धडधडते आणि बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबून सेल्फ मारला की जणू काही झालेच नाही अशी चालू होते. पुढे गेले की पुन्हा तेच. टाकी उघडून पाहावी तर डिझेल काठोकाठ.

मग रस्त्यावर तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो पंप गेला, कोणी म्हणतो डिझेलमध्ये भेसळ आहे, कोणी म्हणतो इंजिन उतरवा. आणि मालकाच्या मनात पहिला संशय येतो तो चालकाचा. याने डिझेल काढले असेल, याला गाडी चालवता येत नसेल, हा मुद्दाम वेळ काढत असेल. आमच्या वस्त्यांतले कितीतरी तरुण दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक म्हणून राबतात. उलटून बोलण्याची सोय ज्याला नाही, त्याच्याच माथी दोष मारला जातो. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही, घरात चूल पेटण्याशी त्याचा संबंध आहे.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा उघडताना आपल्या घरातील बायका एक भोक पाडत नाहीत, दोन पाडतात. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल तर तेल गडगड करत थांबत थांबत पडते. पूर्वी दवाखान्यात काचेच्या बाटलीतून सलाईन देत, तेव्हाही बुचात हवेसाठी एक वेगळी सुई टोचत. ट्रॅक्टरच्या टाकीचे तसेच आहे. जितके डिझेल इंजिनकडे जाते तितकी हवा टाकीत आली पाहिजे. त्यासाठी बहुतेक जुन्या ट्रॅक्टरच्या झाकणातच एक बारीक छिद्र ठेवलेले असते. काही गाड्यांत झाकण बंद असते आणि टाकीच्या माथ्यावरून हवेची वेगळी नळी काढलेली असते. हे छिद्र किंवा ही नळी बुजली की टाकीतली हवा विरळ होते आणि बाहेरची हवा डिझेलला खाली येऊ देत नाही.

इथे थोडे गणित करू. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. टाकीतील डिझेलची पातळी खालच्या नळीपेक्षा अर्धा मीटर उंच धरली, तर डिझेलचा स्वतःचा दाब भरतो फक्त बेचाळीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे टाकीतील हवा पंचविसाव्या हिश्शाने विरळ झाली की आपोआप उतरणारी धार थांबली. टाकी काठोकाठ भरली असेल आणि वर पाच लिटर हवा असेल, तर केवळ दोनशे मिलिलिटर डिझेल खर्च होताच ही वेळ येते. टाकी अर्धी असेल आणि वर पंचवीस लिटर हवा असेल, तर एक लिटर जाईपर्यंत गाडी चालते. प्रत्यक्षात झाकणाच्या फटीतून थोडी हवा झिरपते, त्यामुळे जरा जास्त वेळ मिळतो. पण प्रमाण हेच राहते. टाकी भरली की गाडी लवकर रुसते आणि अर्धी झाली की बरी चालते, ही या दुखण्याची मोठी खूण आहे. नवे डिझेल भरल्यावर त्रास वाढतो म्हणून लोक पंपवाल्यावर भेसळीचा आळ घेतात, त्याचे कारणही हेच.

ही खूण आम्हाला कोणा मिस्त्रीने सांगितली नाही. एका चालकाची पत्नी उचलीची वही घेऊन आमच्याकडे आली होती. "भाऊ, एवढा हिशेब बघून द्या," म्हणाली. गाडी बंद पडलेल्या दिवसांचे खाडे मांडले होते, शिवाय डिझेलच्या नावावर काही रक्कम कापली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "हे म्हणत्यात, टाकी भरली की गाडी चालत न्हाई, अर्धी असली की चालती. आता ह्यात चोरी कुठनं आली?" आम्ही ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण हळूच सैल केले. सू करून हवा आत शिरली. झाकण काढले तर त्याखाली घट्ट बसवलेला प्लास्टिकचा कागद, आणि वरचे छिद्र दसऱ्याला मारलेल्या रंगाने लिंपलेले. कागद मालकानेच लावला होता, डिझेल हिंदकळून सांडू नये म्हणून. त्या हप्त्याची कपात परत मिळाली. त्याआधीची मिळाली नाही.

आमच्या भागात छिद्र बुजण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. फडातली धूळ, पाचटाचा भुगा आणि सांडलेले डिझेल यांचा मिळून चिकट लगदा होतो. हवेच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. झाकण हरवले की चिंधीचा बोळा कोंबतात. बाजारातून दिसायला तसेच, पण बिनछिद्राचे झाकण आणून बसवतात.

तपासणी सोपी आहे. गाडी बंद पडताच, आजूबाजूला विडी-काडी नाही याची खात्री करून, झाकण सावकाश सैल करा. हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच ताळ्यावर आली, तर रोग सापडला. शंका राहिली तर इंजिन बंद ठेवून, ते थंड झाल्यावर, फिल्टरकडे येणारी डिझेलची नळी सोडून धार एका भांड्यात धरा. झाकण घट्ट असताना धार आधी जोरात येऊन मग मंदावत असेल आणि झाकण उघडताच पुन्हा जोर धरत असेल, तर दोष झाकणाचा. झाकण उघडे असूनही धार पहिल्यापासून बारीक असेल, तर टाकीच्या तळाचा गाळ किंवा नळी पाहावी. धार चांगली असेल तरच फिल्टर, फीड पंप आणि पुढच्या गोष्टींकडे वळावे. पुष्कळ ठिकाणी उलट क्रमाने काम होते. पंप आधी उतरतो, झाकणाकडे शेवटी कोणाचे लक्ष जाते.

झाकण साफ करताना ते तासभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवावे, ब्रशने घासावे आणि छिद्रातून तांब्याची बारीक तार फिरवावी. पुष्कळ झाकणांत आत जाळी किंवा पत्र्याचा आडोसा असतो, हवेची वाट सरळ नसते. म्हणून वरचे भोक मोकळे दिसले तरी आत लगदा राहिलेला असू शकतो. सायकलच्या पंपाने हवा मारून पाहावी, डोळे जपावेत. रबरी वायसर फुगून छिद्रावर आला असेल तर बदलावा. घाईघाईने झाकणाला खिळ्याने मोठे भोक पाडणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यातून पावसाचे पाणी आणि धूळ थेट टाकीत जाते, आणि मग नोझल-पंपाचा खर्च खराच उभा राहतो.

फीड पंप असलेल्या गाडीत आणखी एक भानगड होते. टाकी हवा घेत नसली तरी पंप ओढतच राहतो आणि सैल जोडांमधून बाहेरची हवा नळीत शिरते. गाडीने एअर धरली म्हणतात ती हीच. अशा वेळी झाकण साफ करून भागत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारावी, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा, मग पुढे इंजेक्शन पंपावर तसेच करावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे मात्र हात धरू नये, ती धार कातडीत घुसते.

दोन गोष्टी घरातल्या सर्वांनी ऐकाव्यात. टाकी रिकामी करण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची खोड वाईट आहे, आणि पोरांना ते काम सांगणे त्याहून वाईट. डिझेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर उलटी करवू नये, थेट दवाखान्यात न्यावे. दुसरे, हवेच्या ओढीने पत्रा आत दबलेली किंवा चिरलेली टाकी रिकामी दिसते म्हणून वेल्डिंगला देऊ नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो. आधी ती नीट धुऊन वाफरहित करणारा जाणकार शोधावा.

आणि रात्री भरल्या ट्रॉलीसह रस्त्यात अडकलात तर आधी मागे लाल परावर्तक लावा, मग झाकण बघा. अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून माणसे जातात. टायरला लावलेले दगड निघताना उचलायला विसरू नका.

अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना नव्वद टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची राज्य शासनाची योजना २०१२ सालची. सुरुवातीच्या वर्षांत मिळालेल्या त्या गाड्याही आता जुन्या झाल्या. गटाच्या वहीत तेल बदलल्याची नोंद असते, तिथेच झाकण साफ केल्याची तारीखही घालावी. नवे झाकण घ्यायचे झाले तर जुने सोबत न्यावे, छिद्राचे आहे की बिनछिद्राचे ते जुळवावे, आणि छिद्राचे असेल तर दुकानातच पंपाने हवा मारून ती आरपार जाते का ते पाहावे, मगच पैसे द्यावेत.