२५६ घरांतला माणूस

पहिला गेम लिहिणाऱ्या बहुतेकांच्या पडद्यावर सुरुवातीला एक लाल चौकोन असतो. बाणाची कळ दाबली की तो सरकतो, स्पेसबार दाबला की उडी मारतो, खालच्या फळीवर आदळला की थांबतो. गुरुत्वाकर्षणाचं गणित जमलेलं असतं, टक्कर ओळखणारा कोडही नीट चाललेला असतो. मग वाटू लागतं, या चौकोनाच्या जागी एखादा मुलगा हवा, मांजर हवं, निदान एखादं भूत तरी हवं. आणि नेमकं तिथेच काम अडतं. ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून मनात घर करून बसलेलं असतं.

हे अडून बसणं टाळता येतं. गेममधलं चित्र काढताना हाताच्या सफाईपेक्षा निर्णयांचं काम जास्त असतं. कोणत्या घरात रंग भरायचा, कोणतं रिकामं सोडायचं आणि उरलेलं चित्र पाहणाऱ्याच्या मेंदूकडून कसं पूर्ण करून घ्यायचं, यामागे पक्कं विज्ञान आहे. आणि अटी पाळून निर्णय घेणं हे तर प्रोग्रॅमरचं रोजचंच काम.

मिशी कुठून आली?

१९८१ साली निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’ हा गेम आला. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो औद्योगिक डिझाइन शिकलेले होते. गेमच्या नायकासाठी त्यांच्या हाती जागा होती सुमारे १६ बाय १६ पिक्सेलची, म्हणजे उणीपुरी २५६ घरं, आणि रंग मोजून तीन. एवढ्या जागेत ओठ, दात, भुवया दाखवणं अशक्य. म्हणून त्यांनी मोठं नाक काढलं आणि त्याखाली मिशी दिली. मिशीमुळे नाक उठून दिसलं आणि तोंड काढायचं कामच उरलं नाही. केस काढले तर उडी मारताना ते हलायला हवेत, म्हणून डोक्यावर टोपी चढवली. हात धडात मिसळून जाऊ नयेत म्हणून सदरा एका रंगाचा आणि त्यावरची पट्ट्यांची विजार दुसऱ्या रंगाची केली. पुढे ‘मारिओ’ या नावाने जगभर पोचलेल्या माणसाचा चेहरामोहरा असा एकेका अडचणीच्या उत्तरातून घडला.

नवख्याने यातून घ्यायचा पहिला धडा हाच. ‘हे सुंदर कसं दिसेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘हे ओळखू कसं येईल?’ एवढंच विचारावं. या प्रश्नाला उत्तर असतं, आणि ते तपासूनही पाहता येतं.

चौकटीची जुनी ओळख

घरं मोजून चित्र काढणं आपल्याला परकं नाही. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने पोपट भरणाऱ्या बायका हेच करत आल्या. कापडाचं एक घर, एक फुली, एक रंग. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात ‘१५ ते ८’ एवढंच लिहिलेलं असतं. मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत ८ वर थांबायचं. लूप शिकलेल्या कोणालाही ही सूचना कोडच्या एखाद्या ओळीसारखी वाटेल.

संगणकाच्या पडद्यावरची चित्रंही अशाच कागदावर जन्मली. १९८३ मध्ये अॅपलच्या मॅकिन्टॉशसाठी चिन्हं काढायला सुझन केअर आल्या, तेव्हा त्यांच्याकडे ललित कलेतली डॉक्टरेट होती, पण संगणकाचा अनुभव नव्हता. त्यांनी चौकटीच्या कागदाची वही घेतली आणि ३२ बाय ३२ घरांत काळा-पांढरा भरत चिन्हं तयार केली. हसरा संगणक आणि कचऱ्याचा डबा याच पद्धतीने पडद्यावर आले. कलेकडून येणारी व्यक्ती आणि कोडकडून येणारी व्यक्ती या दोघांची गाठ चौकटीच्या कागदावर पडते, ती अशी.

डोळे बारीक करून पाहा

एवढ्या कमी घरांतला माणूस आपल्याला माणूस वाटतोच कसा? १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचं छायाचित्र मोठमोठ्या करड्या चौकोनांत मोडून दाखवलं. जवळून पाहिलं तर नुसते चौकोन. पण डोळे किलकिले केले किंवा चार पावलं मागे गेलं की लिंकन समोर उभे! चौकोनांच्या कडक कडा मेंदूला चकवतात. नजर धूसर झाली की त्या कडा विरतात आणि चेहऱ्याची ठळक ठेवण वर येते. पुढे चित्रकार साल्वादोर दाली यांनी याच कल्पनेवर मोठं तैलचित्र रंगवलं.

हा प्रयोग नवख्या चित्रकाराच्या हातातलं सर्वात स्वस्त उपकरण आहे. स्वतः काढलेली आकृती पडद्यावर खऱ्या आकारात ठेवावी आणि डोळे बारीक करून पाहावं. ती ओळखू आली तर बुटाचे बंद नसले तरी चालतं. ओळखू आली नाही तर बुटाचे बंद काढून उपयोग नाही.

पुढची कसोटी याहून कडक आहे. आकृती आतून सगळी काळी भरून टाकायची. नुसत्या छायाकृतीवरून ती कोण आहे आणि काय करते आहे, हे कळलं पाहिजे. वारली चित्रं ही कसोटी केव्हाच उत्तीर्ण झाली आहेत. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. चेहरा नाही, कपडे नाहीत. तरी कोण नाचतंय, कोण दळतंय, कोण भात लावतंय, हे लांबूनही कळतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, त्यामुळे उठावही पुरेपूर. गेम खेळणाऱ्याला हीच सोय लागते. आपल्या नजरेचा अगदी स्पष्ट भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा नसतो. बाकीचा पडदा आपण अंधूकच पाहतो. बाजूने चाल करून येणारा शत्रू त्या अंधूक भागातही ओळखायचा तर त्याची बाह्याकृती बोलकी हवी.

तिरप्या रेषेची पायरी

चौकटीत उभी-आडवी रेषा सोपी. तिरपी आणि गोल रेषा मात्र पायऱ्यापायऱ्यांची होते. या अडचणीवर जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये काम करताना उत्तर शोधलं. पूर्णांकांच्या साध्या बेरीज-वजाबाकीतून पुढचा ठिपका कोणत्या घरात पडावा, हे त्यांची रीत ठरवते. संगणकाच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात. चित्र काढणाऱ्याला तिच्यातून एक नियम मिळतो: सरळ तिरप्या रेषेतल्या पायऱ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या ठेवा. दोन, दोन, दोन, अशा. मध्येच एक पायरी चारची आली तर रेषा मोडल्यासारखी दिसते. गोलाईत पायऱ्या क्रमाने बदलू द्या. पाच, तीन, दोन, एक, आणि मग उलट क्रमाने वर. नवख्याचं वर्तुळ बटाट्यासारखं दिसतं त्याला हात जबाबदार नसतो, हा क्रम चुकलेला असतो. अंक मोजले की चूक सापडते, आणि एक घर इकडचं तिकडे केलं की दुरुस्तही होते.

रंगाआधी उजेड

आजचा पडदा १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग दाखवतो. नवखा चित्रकार इथेच बुडतो. म्हणून रंगपेटी आधीच आवळावी. चार रंग पुरे, आठ म्हणजे चैन. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकृतीतून निघाली. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. एकच फंक्शन वेगळी मूल्यं देऊन पुन्हा वापरावं, तसंच हे.

रंग निवडताना त्याच्या नावाआधी त्याचा उजेड पाहावा. पडद्यावरच्या पांढऱ्या प्रकाशात आपल्याला जाणवणाऱ्या तेजाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा असतो. म्हणून काळ्यावर शुद्ध निळा हरवतो. लाल आणि हिरवा मिळून झालेला पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका तेजस्वी असतो आणि काळ्यावर झळकतो. तोरू इवातानी यांचा १९८० चा ‘पॅक-मॅन’ हा गेम आठवा. काळा पडदा, निळ्या भिंती आणि पिवळा नायक. नजर कुठे जायला हवी, हे उजेडच सांगतो. स्वतःचं चित्र क्षणभर करड्या छटांत बदलून पाहिलं की हीच परीक्षा घेता येते. तिथे नायक पार्श्वभूमीत मिसळला तर रंग कितीही आवडते असोत, बदलावेत.

सावलीचंही असंच. मूळ रंगात काळा मिसळून केलेली सावली मळकट दिसते. भर दुपारी अंगणात पडलेली सावली नीट पाहा. तिथे सूर्याचं थेट ऊन पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून सावली थोडी निळसर असते आणि उन्हातला भाग थोडा पिवळसर. गडद छटा निळ्या-जांभळ्याकडे आणि उजळ छटा पिवळ्याकडे सरकवली की तीन रंगांतसुद्धा ऊन पडतं.

चालायला लावणं

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर प्रकाशाचे दहा-बारा ठिपके दिसतील आणि बाकी सगळा अंधार राहील, असं चित्रण त्यांनी केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना त्या ठिपक्यांतून काहीच उमजेना. तो चालू लागताच सगळ्यांनी क्षणात ओळखलं, हा चालणारा माणूस! हालचाल बरोबर असेल तर मेंदू दहा ठिपक्यांतून देह उभा करतो. २५६ घरं म्हणजे त्या मानाने श्रीमंतीच.

चालण्याची चार चित्रं सुरुवातीला पुरतात. उजवा पाय पुढे टेकलेला, मग पाय एकमेकांना ओलांडताना, मग डावा पुढे टेकलेला आणि पुन्हा ओलांडताना. यात एक बारकावा आहे. दोन्ही पाय फाकलेले असताना शरीर खाली असतं आणि एका सरळ पायावर आलं की उंचावतं. उलट्या लंबकासारखी ही गती आहे. ओलांडतानाच्या चित्रात डोकं फक्त एक पिक्सेल वर घेतलं की घसरत जाणारा बाहुला चालू लागतो.

हालचाल मनाने काढता येत नसेल तर पाहून काढावी. गेम बनवणारे जॉर्डन मेक्नर यांनी तेच केलं. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून संगणकात उतरवली. चित्रफीत गिरवण्याच्या या तंत्राचं पेटंट अॅनिमेशनकार मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळालं होतं. मेक्नर यांच्या त्या मेहनतीतून १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम उभा राहिला. तो घडत असतानाच नायकाला, म्हणजे राजपुत्राला, शत्रू हवा होता, पण अॅपल-२ या संगणकाच्या मेमरीत नव्या चित्रांना जागा नव्हती. तेव्हा मेक्नर यांनी राजपुत्राचीच फ्रेम एक बिट सरकवून तिच्याच मूळ प्रतीशी ‘एक्सॉर’ केली, म्हणजे दोन्हींत वेगळे असलेले बिटच ठेवले. त्यातून थरथरती, चमकती छाया तयार झाली आणि गेममधलं सर्वांत लक्षात राहणारं पात्र, राजपुत्राची सावली, जन्माला आली. प्रोग्रॅमरने प्रोग्रॅमरच्या हत्याराने काढलेलं ते चित्र होतं.

शिकता येतं याचा पुरावा

अमेरिकेतले एरिक बॅरोन संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले, पण नोकरी मिळेना. त्यांनी शेतीवरचा गेम एकट्याने करायला घेतला. कोड त्यांचा, संगीत त्यांचं, चित्रंही त्यांचीच. पोटापाण्यासाठी ते एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत. सुरुवातीची चित्रं त्यांना पटेनात. त्यांनी ती पुसून पुन्हा काढली, मग पुन्हा काढली. साडेचार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध झाला. आजवर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यांची जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहिली की ‘हात उपजतच असावा लागतो’ हा समज टिकत नाही.

चित्र सुधारण्याची रीतही कोड सुधारण्यासारखीच आहे. काढा, खऱ्या गेममध्ये बसवा, चालवून पाहा, खटकेल ते एक घर बदला, पुन्हा चालवा. माणसापासून सुरुवात करू नका. तांब्या, पेरू, पणती, छत्री असं काही घ्या. चित्र मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट असं पूर्ण पटीतच करा आणि गेम इंजिनमधलं गुळगुळीत करण्याचं फिल्टर बंद ठेवा, नाहीतर घरांच्या कडा पुसट होतात. पिस्केल आणि क्रिटा ही संगणकावर चित्र काढायची साधनं फुकट आहेत. दुसऱ्याचं चित्र सरावासाठी जरूर गिरवा, पण स्वतःच्या गेममध्ये स्वतःचंच वापरा.

आज संध्याकाळी घरातली गणिताची चौकटीची वही घ्या. १६ बाय १६ घरांची चौकट आखा, चारच रंगीत पेन्सिली जवळ ठेवा आणि समोरचा तांब्या त्या चौकटीत बसवा. वही भिंतीला टेकवा, चार पावलं मागे जा, डोळे बारीक करून पाहा. तांब्या ओळखू आला, तर तुमच्या लाल चौकोनाची जागा घेणारा माणूसही तुम्हाला काढता येईल.