प्रश्नाच्या शेजारची नोकरी

नोकरी शोधणाऱ्यापर्यंत जाहिरात पोहोचवणे अवघड नसते. जो नोकरी शोधतच नाही अशा निष्णात माणसाच्या नजरेस ती पाडणे, ही भरतीतील खरी अडचण होय. आपल्या कामात रमलेला आणि त्यामुळे नोकऱ्यांच्या संकेतस्थळांकडे न फिरकणारा असा तंत्रज्ञ भरतीच्या व्यवसायात ‘पॅसिव्ह कँडिडेट’ या नावाने ओळखला जातो. त्याला गाठायचे तर तो रोज जिथे वाचायला येतो तिथेच जाहिरात न्यावी लागते.

जोएल स्पोल्स्की आणि जेफ ॲटवुड यांनी २००८ मध्ये सुरू केलेले स्टॅक ओव्हरफ्लो हे अशा वाचनाचे सर्वांत मोठे ठिकाण ठरले. तेथे प्रोग्रॅमर एकमेकांचे प्रश्न सोडवतात. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि संगणकाच्या जाणकार वापरकर्त्यांसाठी सुपर यूजर ही भावंडे २००९ मध्ये आली, आणि त्याच वर्षी नोकऱ्यांसाठी ‘करिअर्स’ हा विभागही उघडला गेला. प्रारंभी कंपन्यांच्या नजरेस पडू इच्छिणाऱ्या उमेदवारालाही पैसे मोजावे लागत. पुढे हा भार कंपन्यांवर गेला, आणि ते योग्यच झाले.

या विभागातील जाहिरातींच्या प्रसाराचा कणा होता तो टॅग, म्हणजे प्रश्न कोणत्या विषयाचा आहे हे सांगणारी छोटी चिठ्ठी. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील एखाद्या चुकीवरचे उत्तर वाचणाऱ्याला उजवीकडच्या अरुंद स्तंभात जावा जाणणाऱ्याची जागा दिसे. तीत कंपनीचे नाव, पद, शहर आणि तेच टॅग एवढाच मजकूर असे. वाचकाचे स्थान इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून अंदाजाने ठरवले जाई, कारण पुण्यात बसलेल्याला व्हिसाची सोय नसलेली बर्लिनमधील जागा दाखवण्यात कोणाचेच हित नव्हते. विषय आणि गाव या दोन चाळण्यांतून गेलेली जाहिरात थोड्यांनाच दिसते, पण त्या थोड्यांपैकी बऱ्याच जणांच्या ती उपयोगाची असते.

याहूनही मोलाची गोष्ट जाहिरातीच्या आत होती. स्पोल्स्की यांनी २००० मध्ये सॉफ्टवेअर गटाचा दर्जा पारखण्यासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे असलेले बारा प्रश्न मांडले होते: सोर्स कंट्रोल, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था, वापरता का, एका पायरीत बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर, तयार होते का, प्रोग्रॅमरांना शांत जागा मिळते का, मुलाखतीत उमेदवाराकडून कोड लिहून घेता का. ‘जोएल टेस्ट’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या चाचणीतील गुण कंपन्यांना जाहिरातीत दाखवता येत. उत्तरे कंपनीनेच द्यायची असल्याने त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे भाबडेपणाचे ठरले असते. तरीही पगार आणि पद यांपलीकडे कामाची रीत विचारण्याची मुभा उमेदवाराला त्यातून मिळाली, आणि एरवीच्या भरतीच्या जाहिरातींत तिचा मागमूसही नसे.

मात्र अशा प्रसाराची मर्यादाही त्याच जागेतून येते. उत्तर शोधायला आलेल्या वाचकाला वरचेवर अप्रस्तुत जाहिराती दिसू लागल्या की त्याची नजर तो स्तंभच टाळायला शिकते, किंवा तो जाहिराती रोखणारे साधन बसवतो. आणि ज्या समुदायाच्या विनामोबदला श्रमांवर सारे उभे आहे, तोच दुरावतो. शिवाय जागा भरली की तिची जाहिरात संपते, त्यामुळे प्रत्येक टॅगसाठी व प्रत्येक शहरासाठी नव्या जागा सतत मिळवत राहाव्या लागतात. हे काम यंत्राने होत नाही, त्याला विक्रीची माणसे लागतात. असे विभाग पुढे बंदही पडले. कोड साठवण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबने आपला नोकऱ्यांचा विभाग २०२१ मध्ये बंद केला. स्टॅक ओव्हरफ्लो त्याच वर्षी १.८ अब्ज डॉलरना प्रोसस कंपनीकडे गेले. पुढे मार्च २०२२ अखेर त्याचाही तेव्हाचा नोकरी विभाग थांबला आणि कंपन्यांची ओळख तंत्रज्ञांना करून देणाऱ्या जाहिरातींवर भर देण्यात आला.