पद्मिनी तापते, पण पंखा कमी पडतो म्हणून नव्हे

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते: गाडी तापते. बोरघाटात बॉनेट उघडून, वाफ निवायची वाट बघत थांबलेल्या गाड्या एका पिढीने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे ही गाडी मुळातच गरम, हा समज घट्ट बसला. त्यावरचे इलाजही ठरलेले: थर्मोस्टॅट काढून टाका, मोठा रेडिएटर बसवा, नाहीतर विजेचा पंखा लावा. मला ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालेली वाटते. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या १०८९ सीसीच्या गाड्यांनी ऐन मे महिन्यात, मुंबईच्या दमट उकाड्यात दिवसभर भाडी मारली आहेत. आज तीच गाडी उकळत असेल, तर मूळ व्यवस्था अपुरी ठरवण्याआधी त्या व्यवस्थेतलं काय हरवलं ते शोधायला हवं.

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. ती सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीतून पाण्यात उतरते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून हवेत जाते. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलं की या वाटेवर क्षार धरतो, अंघोळीच्या बंबात धरतो तसाच. बिडाच्या तुलनेत क्षारातून उष्णता वीसपट किंवा त्याहूनही सावकाश जाते. म्हणजे एक मिलिमीटरची खापरी चढली, तर उष्णतेच्या लेखी भिंत दोन सेंटिमीटरने जाड झाली. ब्लॉकच्या बाजूचं पत्र्याचं गोल बूच काढून आत बोट घातलं, तर जुन्या इंजिनात बऱ्याचदा पाण्याऐवजी तपकिरी गाळ हाताला लागतो. वॉटर बॉडीपासून, म्हणजे पाण्याच्या पंपापासून, दूरच्या, मागच्या सिलिंडरभोवती तो जास्त साचतो. गळती थांबवायला कुणी रेडिएटरमध्ये हळद टाकलेली असेल, तर तीही भोकाबरोबर नळ्या बुजवून बसलेली असते. अशा गाडीचा रेडिएटर तेवढा काढून रॉडिंगला देतात, ब्लॉक तसाच राहतो आणि त्यातला गाळ सुटून साफ केलेल्या नळ्यांमध्ये जाऊन बसतो. नवा, मोठा रेडिएटर बसवला तरी त्याची गत हीच. म्हणून आधी बूच काढून, तारेने गाळ मोकळा करून, पाण्याचा उलटा झोत मारून ब्लॉक धुवायचा आणि मगच रेडिएटरला हात लावायचा. काम कष्टाचं आहे, हात काळे होतात, पण निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

बिघाड कुठे आहे, हे बरेचदा गाडीच सांगते. रहदारीत तापणारी आणि हायवेवर निवणारी गाडी हवेची उणीव दाखवते: पट्टा सैल आहे, किंवा पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं कुणीतरी काढून ठेवलं आहे. याउलट वेगात तापत असेल तर पाणी अडतं आहे. नळ्या बुजल्यात, वॉटर बॉडीची पाती गंजून झिजली आहेत, किंवा खालचा होस ओढीने चपटा होतो आहे. टायमिंग मागे गेलं असेल तर जळण उशिरा होतं आणि ती धग हेड व एक्झॉस्ट वॉल्वना सोसावी लागते. मग रेडिएटर कितीही साफ करा, उपयोग नाही. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला तर सोडूनच द्यावा. अडकलेला असेल तर तो बदलायचा. काढून टाकला, तर सकाळी थंड इंजिन लवकर तापत नाही आणि झीज वाढते.

मूळ रचना साठच्या दशकातली, आजची रहदारी वेगळी, हा आक्षेप मात्र खरा आहे. सिग्नलला दहा मिनिटं उभं राहायची सवय त्या पंख्याला नव्हती. सगळं साफ करूनही अशा जागी काटा चढत असेल, तर तापमानाच्या स्विचवर चालणारा विजेचा पंखा रेडिएटरपुढे जरूर लावावा. पण जुन्या डायनॅमोला आयडलिंगवर तो भार पेलत नाही, बॅटरी उतरते. आधी अल्टरनेटरची सोय पाहावी लागते. जोडणीही अशी हवी, की उद्या काढली तर मागे एक भोकही राहू नये. कारण ५० वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज नोंदणी देणारा २०२१चा केंद्राचा नियम इंजिन, चॅसी आणि बॉडी मूळ रूपात असण्याची अट घालतो. दुसरा आक्षेप कूलंटबद्दलचा: साधं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं, मग खर्च कशाला? वाहून नेतं हे बरोबर, पण इथे बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड आहे. दोन धातू आणि मध्ये साधं पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण. डब्यावर लिहिलेल्या किमान प्रमाणात कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी, एवढं पुरे.

घाटासाठी शेवटची तपासणी रेडिएटरच्या झाकणाची करावी. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाने धरलेला दाब तो उकळबिंदू वर नेतो, आणि स्प्रिंग ढिली पडली की ही सवलत संपते. झाकण मात्र मूळ दाबाचंच घ्यावं. जास्त दाबाचं लावलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात. आणि चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. मिनिट-दोन मिनिटं आयडलिंगवर चालू द्यावं, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि हेडमध्ये साठलेली धग वाकडेपणा न आणता बाहेर पडते.