वंचितांच्या इतिहासाचे शिक्षण
समाजातील जे गट दीर्घकाळ अधिकार, प्रतिष्ठा व विद्या यांपासून दूर ठेवले गेले, त्यांचा इतिहास माध्यमिक शाळांतून शिकविणे आणि त्याद्वारे विद्यार्थ्यांच्या ठिकाणी कृतिशील नागरिकत्वाची जाणीव निर्माण करणे, अशी या शिक्षणाची स्थूल व्याख्या करता येईल. वंचित गटातील मुलांना आत्मप्रतिष्ठा आणि इतरांना न्यायबुद्धी लाभावी, असे त्याचे दुहेरी उद्दिष्ट असते.

अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर पाळला जातो. महाराष्ट्रात या दोन प्रश्नांची सांगड त्यापूर्वीच घातली गेली होती. महात्मा फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ (१८७३) निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून अस्पृश्यांच्या व निग्रोंच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले.

सोलापूर येथील प्रयत्न या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक विहिरी, शाळा इ. स्थळे अस्पृश्यांना खुली केली. तथापि शाळेचे दार कायद्याने उघडले, तरी खेड्यातून आलेल्या अस्पृश्य विद्यार्थ्याला शहरात निवारा मिळणे दुरापास्त होते. ही अडचण ओळखून डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. निवास, भोजन व लेखनसाहित्य यांबरोबरच वाचन व समाजसेवा यांची गोडी विद्यार्थ्यांना लागावी, अशी दृष्टी त्यामागे होती. येथील विद्यार्थी सरस्वती विलास नावाचे मासिक चालवीत. ज्यांच्याविषयी आजवर केवळ इतरांनीच लिहिले, त्यांच्या मुलांनी स्वतः लेखणी हाती घ्यावी, यात या शिक्षणाचे मर्म होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने डॉ. आंबेडकरांना मानपत्र दिले.

सोलापूरच्या स्थानिक इतिहासात अशा अध्यापनास उपयुक्त अशी आणखी दोन प्रकरणे आहेत. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमातींविषयक कायद्यान्वये (१८७१ व १९११) जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची वसाहत येथे तारेच्या कुंपणात वसविण्यात आली होती. तेथील रहिवाशांना हजेरी देणे बंधनकारक होते व त्यांच्यापैकी अनेक जण कापडगिरण्यांत काम करीत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात टिकून राहिले आणि त्याबरोबर संशयाचा कलंकही पूर्णतः पुसला गेला नाही. दुसरे प्रकरण मे १९३० मधील आंदोलनाचे व त्यानंतरच्या लष्करी कायद्याचे होय. या संदर्भात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. भिन्न धर्मांच्या व जातींच्या या चौघांचे स्मरण शहर एकत्रितपणे करते. कुंपणाआडच्या वसाहतीला मात्र असे स्मरण लाभले नाही. कोणाचे स्मरण व्हावे, हे कोण ठरवितो, हा प्रश्न विद्यार्थ्यांना या तुलनेतून सहज उमगतो.

अध्यापनपद्धतीच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकाच्या वाचनाइतकेच वृद्धांच्या मुलाखती, वस्त्यांच्या व रस्त्यांच्या नावांचा शोध, जुन्या कागदपत्रांचे वाचन आणि वर्गातील चर्चा यांना महत्त्व असते. अशा पाहणीतून पाणी, स्वच्छता वा दाखले यांसंबंधी एखादी उणीव आढळल्यास विद्यार्थ्यांनी महानगरपालिकेकडे रीतसर अर्ज करणे, हा नागरिकशास्त्राचा प्रत्यक्ष पाठच ठरतो.

या शिक्षणामुळे जुनी कटुता पुन्हा जागी होते, असा एक आक्षेप घेतला जातो. वर्गातील एखाद्या मुलाला त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून उभे केल्यास तो सार्थ ठरतो. म्हणून शिक्षकाने व्यक्तीऐवजी कायदे, रूढी व संस्था यांवर भर द्यावा लागतो. परंतु अन्यायाविषयी मौन पाळल्याने तो नाहीसा होत नाही; केवळ तो सोसणाऱ्याला त्याचे कारण स्वतःतच शोधावे लागते. ‘शिका, चेतवा व संघटित व्हा’ या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या ब्रीदवाक्यात शिकण्याला पहिले स्थान आहे, ते याच अर्थाने.