‘स्टोरेज फुल’ म्हणून क्लाऊड बदलताय? जुनं खातं रिकामं करायची घाई नको

एका क्लाऊडवरून दुसऱ्या क्लाऊडवर फोटो, बिलं आणि कागदपत्रं हलवताना नेमकं काय हरवतं? किती डेटा खर्च होतो? ‘डिलीट’ कधी दाबायचं? सोप्या भाषेत समजून घ्या...

जालना : ‘तुमचं स्टोरेज ९५ टक्के भरलं आहे’ ही सूचना आता घराघरातल्या फोनवर येते. मस्तगड भागातला फोटो स्टुडिओ असो, मोंढ्यातलं अडत दुकान असो किंवा मुलांच्या शाळेचे दाखले फोनमध्ये ठेवणारं साधं कुटुंब, प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. दरमहा पैसे भरायचे, की जिथे फुकट जागा मिळते तिथे सामान हलवायचं?

बरेच जण दुसरा पर्याय निवडतात. त्यात चूक काहीच नाही. पण क्लाऊड बदलणं हे भाड्याचं घर बदलण्यासारखं नाही. घर बदलताना टेम्पोत काय चढलं आणि काय राहिलं हे डोळ्यांनी दिसतं. इथे ते दिसत नाही. वडिलांचा शेवटचा व्हिडिओ किंवा तीन वर्षांपूर्वीचं बिल गायब झाल्याचं कळतं तेव्हा जुन्या खात्याची कचरापेटीही रिकामी झालेली असते.

आताच हा प्रश्न का आला?

गुगल फोटोजमध्ये पूर्वी ‘हाय क्वालिटी’ दर्जाचे कितीही फोटो फुकट ठेवता येत होते. ही सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून नवीन फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून १५ जीबीच जागा फुकट मिळते. पुढे अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. ही घोषणा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये बदल सगळीकडे लागू होत गेला.

दुसरीकडे ऑफर आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये रिलायन्सने जिओ ग्राहकांसाठी १०० जीबीपर्यंत फुकट क्लाऊडची घोषणा केली. मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना गुगलची १०० जीबी जागा सहा महिने फुकट देऊ केली. ऑफर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : मुदत संपल्यावर काय? सहा महिन्यांत ८० जीबी भरलं, तर सातव्या महिन्यापासून पैसे भरा किंवा पुन्हा सामान हलवा, एवढंच हातात उरतं.

कुठे किती जागा फुकट?

- गुगल : १५ जीबी
- मेगा : २० जीबी
- मायक्रोसॉफ्ट वनड्राइव्ह : ५ जीबी
- ॲपल आयक्लाऊड : ५ जीबी
- ड्रॉपबॉक्स : २ जीबी

फुकट जागेचा आकडा कायम राहील असं धरून चालू नका. वनड्राइव्हवर पूर्वी १५ जीबी मिळायचे, ते २०१६ मध्ये ५ जीबी झाले. ॲमेझॉनने तर आपली ‘ड्राइव्ह’ सेवाच ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद केली.

दिसतं १४ जीबी, निघतं कितीतरी जास्त

इथे पहिला धक्का बसतो. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो गुगल आजही तुमच्या १५ जीबीत मोजत नाही. त्यामुळे खात्यात ‘१४ जीबी वापरले’ असं दिसत असलं, तरी प्रत्यक्ष फोटो-व्हिडिओ ५०-६० जीबीचे असू शकतात. ते दुसऱ्या क्लाऊडवर नेले की तिथे पूर्ण जागा व्यापतात. आणि काही महिन्यांनी ‘जुनंच बरं होतं’ म्हणून परत आणले, तर गुगल ते नव्याने मोजतं. जुनी सवलत पुन्हा मिळत नाही.

म्हणून हलवण्याआधी खरा आकार किती आहे ते बघा. गुगलच्या ‘टेकआउट’ सुविधेतून सगळा डेटा मागवला की नेमका आकडा समोर येतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सर्वात जास्त नुकसान या गैरसमजातून होतं. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. मूळ फाइल गेली तरी ती राहते. सिंक म्हणजे आरसा. फोनमध्ये जे कराल तेच क्लाऊडमध्ये होतं आणि क्लाऊडमध्ये जे कराल तेच कॉम्प्युटरवर होतं. सिंक चालू असताना ‘इथून काढतो, तिथे आहेच’ असं म्हणून फोल्डर उडवलं, तर ते सगळीकडून उडतं.

सुटकेची एक खिडकी असते, पण ती छोटी असते. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह आणि आयक्लाऊडमध्ये काढलेल्या फाइल्स साधारण ३० दिवस परत मिळतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ही मुदत ६० दिवसांची आहे. त्यानंतर फाइल परत मिळण्याची आशा ठेवू नका.

फाइल दिसते, पण असते का?

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवा. पहिला, ‘जागा वाचवा’ ही सेटिंग. ती चालू असेल तर फोनमध्ये फोटोची फक्त लहान प्रत असते, मूळ फोटो क्लाऊडवरच राहतो. वनड्राइव्हमध्येही कॉम्प्युटरवर फाइलचं नाव दिसतं, पण उघडल्याशिवाय ती उतरत नाही. फाइलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती अजून वरच आहे, असं समजा.

दुसरा, गुगल डॉक्स आणि शीट्स. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये त्या फाइलसारख्या दिसतात, पण त्या फक्त शॉर्टकट असतात. त्या कॉपी करून नव्या क्लाऊडवर टाकल्या तर मजकूर जात नाही, पत्ता तेवढा जातो. जुनं खातं बंद झालं की तो पत्ताही निकामी. उधारीची वही शीट्समध्ये ठेवणाऱ्या दुकानदाराने ती आधी एक्सेल स्वरूपात उतरवून घ्यावी.

तीन वर्षांपूर्वीचा फोटो ‘आजचा’ का होतो?

टेकआउटमधून आलेल्या झिप फाइलमध्ये प्रत्येक फोटोसोबत एक छोटी ‘जेसन’ फाइल येते. गुगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेलं वर्णन आणि ठिकाण त्यात असतं. नवा क्लाऊड ही फाइल वाचेलच असं नाही. फोटोच्या आत मूळ तारीख असेल तर अडचण येत नाही. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमध्ये ती बहुतेक वेळा नसते. मग आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो उतरवल्याच्या तारखेला जाऊन बसतात. म्हणून जेसन फाइल्स कचरा समजून काढू नका. मूळ झिप जशीच्या तशी एका हार्ड डिस्कवर ठेवा.

डेटा आणि वेळेचा हिशोब

समजा ६० जीबी हलवायचे आहेत. आधी ते उतरवायचे, मग चढवायचे. म्हणजे खर्च १२० जीबी.

- रोज २ जीबीचा मोबाइल प्लॅन : सगळा डेटा यातच घातला तरी ६० दिवस
- रोज दीड जीबीचा प्लॅन : ८० दिवस
- ३० एमबीपीएसचं फायबर, दोन्ही बाजूंनी पूर्ण वेग मिळाला तर : उतरवायला साडेचार आणि चढवायला साडेचार, एकूण ९ तास
- चढवण्याचा वेग ५ एमबीपीएसच असेल तर : फक्त चढवायला सुमारे २७ तास

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी हिशोब आणखी मोठा. फोनवर काढलेला फोरके दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० ते ४०० एमबीचा होतो. म्हणजे तासाभराचं शूटिंग १० ते २४ जीबी.

डेटा वाचवणारा मार्गही आहे. टेकआउटमध्ये झिप थेट वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये पाठवण्याचा पर्याय मिळतो. आयक्लाऊडमधून गुगल फोटोजमध्ये थेट फोटो पाठवण्याची सोय २०२१ मध्ये आली, तर उलट्या दिशेची सोय जुलै २०२४ मध्ये. यात काम कंपन्यांच्या सर्व्हरवर होतं, तुमचा डेटा खर्च होत नाही. मात्र काही दिवस लागू शकतात, आणि नव्या खात्यात आधीपासून पुरेशी जागा लागते.

क्रमाने काय कराल?

१. आधी झाडलोट करा. मोठे व्हिडिओ, ‘गुड मॉर्निंग’चे फोटो आणि दुहेरी फाइल्स काढा. कित्येकांचं काम इथेच भागतं.

२. नव्या क्लाऊडवर २० फाइल्सचं एक फोल्डर टाकून बघा. तारीख, मराठी नावं आणि व्हिडिओ नीट दिसतात का ते तपासा.

३. हलवताना ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’ करा. जुनी प्रत जागेवरच राहू द्या.

४. टेकआउटची लिंक आली की लगेच उतरवा. ती सात दिवसांतच संपते.

५. दोन्हीकडची फाइल्सची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा. सर्वात जुनी, सर्वात नवी आणि सर्वात मोठी फाइल उघडून बघा.

६. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

७. किमान दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवा. मगच जुन्या खात्यातून काढायला सुरुवात करा, तीही थोडी थोडी.

हलवून देणारी तिसरीच ॲप्स वापरत असाल, तर तुमच्या दोन्ही खात्यांच्या चाव्या त्यांच्या हातात जातात. काम झालं की खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून टाका. नेट कॅफे किंवा सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर हे काम केलं असेल, तर लॉगआउट करायला आणि उतरवलेली झिप तिथून पुसायला विसरू नका.

जीमेल खातं मात्र बंद करू नका

फोटो हलतात, ईमेलचा पत्ता हलत नाही. बँक, आधार, जीएसटी, शाळा सगळीकडे तोच पत्ता दिलेला असतो. जागा भरून वाहू लागली तर जीमेलवर नवे मेल येणंही थांबतं, म्हणजे बँकेची सूचनाही अडकते. त्यामुळे जुनं खातं रिकामं करून हलकं ठेवा, पण जिवंत ठेवा. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं.

सरकारी पातळीवरचं उदाहरण ताजं आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं ईमेल झोहोच्या व्यासपीठावर गेल्याचं ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर आलं. तिथे कंपनी बदलली, पण पत्ते सरकारच्याच नावाचे असल्याने तेच राहिले. सामान्य वापरकर्त्याकडे स्वतःच्या नावाचा पत्ता नसतो, म्हणून त्याला ही सोय मिळत नाही.

व्हॉट्सॲपचंही तसंच. अँड्रॉइडवर त्याचा क्लाऊड बॅकअप गुगल खात्यातच जातो आणि आयफोनवर आयक्लाऊडमध्ये. तुम्ही फोटो कुठेही न्या, हा बॅकअप तिकडे जाणार नाही. जागा वाचवायची तर बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. शेअर केलेल्या जुन्या लिंकही चालणार नाहीत. ग्राहकांना अल्बमच्या लिंक दिलेल्या स्टुडिओंनी नव्या लिंक आधी पाठवाव्यात.

दुकानदारांनी हे विशेष पाहावं

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. बिलांचे स्कॅन क्लाऊडवर ठेवले असतील, तर स्थलांतरात हरवलेलं फोल्डर ही फक्त आठवणींची हानी राहत नाही. वर्षानुसार फोल्डर करा आणि प्रत्येक वर्षाची संख्या वेगळी मोजा.

आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांसाठी मात्र एवढी धावपळ नको. डिजिलॉकरमध्ये संबंधित विभागाने दिलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीसारखीच ग्राह्य आहेत आणि ती पुन्हा कधीही मिळवता येतात.

कायदा काय म्हणतो?

मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसं क्लाऊडबाबत आपल्याकडे नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात आपला डेटा दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तो नाही. युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा कायदा लागू झाला असून, क्लाऊड बदलणाऱ्या ग्राहकाला अडवता येणार नाही अशा तरतुदी त्यात आहेत. १२ जानेवारी २०२७ पासून तिथे बदलाचं शुल्कही घेता येणार नाही.

आपल्याकडे तसा हक्क येईपर्यंत जबाबदारी वापरणाऱ्याचीच. गुगलच्या १०० जीबीचा नेहमीचा दर महिन्याला १३० रुपये आहे. तो वाचवण्यासाठी क्लाऊड बदलायला हरकत नाही, फक्त नव्या जागी सगळं पोहोचल्याची खात्री होईपर्यंत जुन्या खात्यातल्या एकाही फाइलला हात लावू नका.